पालेर्मो : अक्षरे उरली, वाचणारे गेले

इटली म्हटले की लोक रोम, व्हेनिस पाहतात. आम्ही मुलांना घेऊन सिसिली बेटावरच्या पालेर्मोला गेलो. इ.स. 831 ते 1072 या काळात या शहरावर मुस्लिमांची सत्ता होती. नंतर आलेल्या नॉर्मन राजांनीही मुस्लिम कारागीर आणि विद्वान पदरी ठेवले. अल-इद्रीसीने आपला भूगोलग्रंथ 1154 मध्ये राजा दुसरा रॉजर याच्यासाठीच पूर्ण केला.

याच रॉजरने राजवाड्यात कॅपेला पालातिना हे प्रार्थनागृह बांधले. भिंतींवर ख्रिस्ती चित्रे, तर वर लाकडी मुकर्नस छत आणि त्यावर कूफी अक्षरांत बरकतीच्या दुआ. ‘झिसा’ महालाचे नावही अरबी ‘अझीझ’वरून आले. तेथील संग्रहालयात 1149 ची एक कबरशिळा आहे. एका पाद्र्याने आईसाठी ती लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीतील अरबीत कोरून घेतली. आम्ही बराच वेळ तिच्यासमोर उभे होतो.

खाण्याचा प्रश्न होताच. बाल्लारो बाजारात ‘पानेल्ले’ मिळाले. हरभऱ्याचे पीठ शिजवून, थापून, कापून तळायचे. म्हणजे आपली पाटवडीच, फक्त तिळाच्या पावात घालून वर लिंबू पिळलेली. हॉटेलात आम्ही मासे मागवले. सार्डिन, बडीशेपेचा पाला आणि बेदाणे घातलेला पास्ता मुलांनाही आवडला. मात्र दोन शब्द पाठ करूनच जावे : ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी, ‘वीनो’ म्हणजे दारू. प्रसिद्ध ‘कान्नोली’ मिठाईच्या कवचात परंपरेने दोन्ही पडतात, म्हणून ती आम्ही टाळली. विचारल्यावर कोणी वाईट वाटून घेतले नाही.

शेवटी कॅथेड्रल पाहिले. त्याच्या दक्षिण दाराच्या मंडपातील डाव्या खांबावर सूरह अल-आराफची आयत कोरलेली आहे. धाकटीने बोट न लावता एकेक अक्षर जुळवत काही शब्द वाचले आणि विचारले, “इथे हे वाचणारे लोक कुठे गेले?”

तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीच्या मुस्लिमांना इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा येथे हलवले. सन 1300 मध्ये ती वस्तीही मोडून टाकण्यात आली. आज या अक्षरांची निगा सरकार आणि चर्च राखते, पण ती वाचायला बाहेरचे लोक यावे लागतात.

आपल्याकडे तशी सक्ती कोणी केलेली नाही. तरी आमच्या वर्गातील कितीतरी मुलांना आजोबांचे उर्दू पत्र वाचता येत नाही. मराठी उत्तम यावीच. पण घरात रोज पंधरा मिनिटे उर्दू वाचनासाठी काढणे आपल्याच हातात आहे.