विंचू, झीलकरी आणि शाहीर साबळे

भोर

चि. ओंकार,


सॅन अँटोनियोहून पाठवलेलं गाणं मन लावून ऐकलं. अकॉर्डियन लगेच ओळखू आलं. त्याला बिलगून चालणारी ती बारा तारांची बाजो सेक्स्तो मात्र नवीन. तू विचारलंस, आपल्याकडे असं गावाचं गाणं कुठलं, आणि तुझे बाबा गाडीत सारखं ‘विंचू चावला’ का लावतात. दोन्हीचं उत्तर एकच: शाहीर साबळे आणि पार्टी.

कृष्णराव साबळे 1923 साली पसरणीत जन्मले. आपल्या भोरहून मांढरदेवीचा घाट उतरला की वाई, आणि वाईला लागूनच पसरणी. त्यामुळे तबकडीवरचा तो आवाज आपल्या माणसांना कधी परका वाटला नाही. बांधावरून कुणी हाक मारावी तसा मोकळा, खणखणीत. तुझे आजोबा त्यांना ‘आपला शाहीर’च म्हणायचे.

‘विंचू चावला’ हे भारूड संत एकनाथांचं, सोळाव्या शतकातलं. विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्यावर उतारा सत्त्वगुणाचा. पण साबळे आधी अध्यात्म सांगायला बसत नाहीत, आधी खरोखर कळवळतात. ऐकणारा हसतो, आणि हसता हसता नाथ काय म्हणतायत ते त्याला उमगतं. मागचे झीलकरी तर नुसती ओळ झेलत नाहीत, चावलेल्या माणसाभोवती जमलेला अख्खा गाव होतात. समोर प्रेक्षक नाहीत, रात्रभर रंगवायची गोष्ट मोजक्या मिनिटांत बसवायची, तरी ती गर्दी ऐकू येते. इतकं जिवंत ध्वनिमुद्रण मराठीत फार थोडं आहे, असं माझं ठाम मत आहे.

वेल्ह्याकडच्या आपल्या वाडीवर या गाण्याला आणखी धार होती. दगडांच्या बांधात, सरपणात, गोवऱ्यांत विंचू असायचाच. लाल विंचवाच्या दंशानं माणसं दगावायची. पुढे वरंधा घाटाखाली महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसीन वापरून कितीतरी जीव वाचवले. त्याआधी लोकांना मांत्रिकाचाच आधार. मेंगाईच्या जत्रेत कर्ण्यावर हे भारूड लागलं की हसणाऱ्यांत ती कळ सोसलेले पुष्कळ असायचे. म्हणून ते हसू पोकळ नव्हतं.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ हेही साबळ्यांनीच गायलेलं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल. 2023 पासून ते राज्यगीत आहे. ते लागलं की आपण ताठ उभे राहतो, राहायलाच हवं. पण शाहीर ओळखायचा तर भारुडापासून सुरुवात कर.

तुझ्याकडच्या त्या संगीतात नार्सिसो मार्तिनेस नावाचा मोठा वादक होऊन गेला. 1930च्या दशकात त्यानं अकॉर्डियनची डावी, खर्जाची बाजू जवळजवळ सोडून दिली आणि तो भार सांतियागो आल्मेदाच्या बाजो सेक्स्तोवर टाकला. साबळ्यांनी झीलकऱ्यांवर टाकलेला विश्वास मला त्याच जातीचा वाटतो. एकट्याच्या फुशारकीनं असं गाणं उभं राहत नाही.

तेव्हा हे कानात घालून एकटा ऐकू नकोस. तिथल्या मित्रांना बोलावून मोठ्यानं लाव. अर्थ तू सांग, कळवळणं त्यांचं त्यांना कळेल. आणि मार्तिनेस-आल्मेदा जोडीचं जुनं काही मिळालं तर मला पाठव.

तुझी,
आत्या