कोनमापक

दोन भुजांचे आणि मध्यभागी अंशांचे वर्तुळ असलेले पारदर्शक प्लास्टिकचे एक कोनमापक मी विद्यार्थिदशेत विकत घेतले, ते अद्याप माझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशात असते. त्यावरील आकडे पुसट झाले असले, तरी फिजिओथेरपीच्या ज्या विद्येत माझी सकाळ रुग्णांपाशी आणि दुपार विद्यार्थ्यांपाशी जात आली, तिचा पुष्कळसा हिशेब याच वर्तुळावर मांडला गेला आहे.

मुंबईत या विद्येचे शिक्षण १९५० नंतरच्या दशकात परळच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले, ते मुख्यतः पोलिओने पांगळ्या केलेल्या मुलांच्या निमित्ताने; आणि मी नोकरीत रुजू झाले त्या काळीही आमच्या विभागातील बाके अशाच मुलांनी भरलेली असत. गुडघ्याच्या बाहेरील उंचवट्यावर कोनमापकाचा मध्य ठेवून एक भुजा मांडीच्या रेषेत आणि दुसरी घोट्याच्या दिशेने धरली, की आखडलेला सांधा किती अंशांवर अडतो ते कळे. आणि मुलाला लगेच कॅलिपर चढवावा, की आधी ताण देऊन व प्लास्टर घालून पाय सरळ करण्याची तजवीज करावी, याचा निर्णय बहुतांशी त्या आकड्यावर होई.

पुढे अध्यापनाची जबाबदारी आली, तेव्हा या मापनातील शुचिता हाच माझा आग्रहाचा विषय झाला. एकाच गुडघ्याचे माप दोन विद्यार्थ्यांनी घेतले, तर त्यांच्यात पाचेक अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून रुग्णाची स्थिती तीच असावी, हाडांच्या खुणा बोटांनी चाचपून घ्याव्यात आणि शक्यतो फेरतपासणीही त्याच व्यक्तीने करावी, हा शिरस्ता मी कित्येक तुकड्यांच्या अंगवळणी पाडला.

अशाच एका तपासणीच्या वेळी, गुडघ्याजवळचे हाड मोडून सांधलेली सातारा जिल्ह्यातील एक शेतकरीण आमच्यापुढे बसली होती. गुडघा ११० अंशांपर्यंत वाकत होता. जिने चढण्यास, खुर्चीवरून उठण्यास तेवढे पुरेसे असल्यामुळे विद्यार्थ्याने कागदावर समाधानकारक प्रगतीची नोंद केली आणि उपचार संपवण्याची शिफारसही लिहिली. ती ऐकून बाईंनी विचारले, ''बाई, मग भांगलायला बसता येईल न्हवं?'' पिकाच्या सरीत उकिडवे बसून पुढे सरकण्यास गुडघा जवळजवळ पूर्ण मिटावा लागतो. तेव्हा शिफारस मागे घेऊन उपचारांची मुदत वाढवली, आणि उकिडवे बसण्याचाच सराव हा पुढील उपचार ठरला.

भारतास २०१४ साली पोलिओमुक्ततेचा दाखला मिळाला. कॅलिपरची मुले ओसरली आणि त्या बाकांवर झिजलेल्या गुडघ्यांचे वृद्ध आले. विद्यार्थी आता मोबाइल फोननेही कोन मोजतात, त्यास माझी हरकत नाही. परंतु अंश हे वैद्याच्या सोयीचे परिमाण आहे, आणि रुग्ण आपला सांधा मोजतो तो अडलेल्या कामाने, ही गोष्ट कोणतेही उपकरण आपण होऊन सांगत नाही. म्हणून आमच्या विभागाच्या तपासणीपत्रकात अंशांच्या रकान्याआधी 'अडलेले काम' असा एक रकाना मी घालून घेतला आहे, आणि तो कोरा असेल तर पुढील आकडे कितीही अचूक असले, तरी त्या पत्रकावर मी सही करीत नाही.