बायकांची मॅच

शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला रिलीज टाकू नये, हा आमच्या फील्डमधला जुना नियम. मागच्या महिन्यात मी तो मोडला आणि व्हायचं तेच झालं. डिप्लॉयमेंट अडकलं. तिकडे अमेरिकेतला क्लायंट आणि इकडे सोलापुरातल्या घरून मी, दोघंही स्क्रीनवरचा पट्टा पुढे सरकायची वाट बघत बसलो. अशा वेळी कामाचं बोलणं पाच मिनिटांत संपतं आणि मग हवापाण्याचं सुरू होतं.

हा साहेब गोल्फवेडा. आणि माझं गोल्फचं सगळं ज्ञान एका सकाळचं, ७ ऑगस्ट २०२१ च्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या जवळ पोचली होती आणि त्या शनिवारी अख्खा देश पहाटे उठून बर्डी म्हणजे काय नि बोगी म्हणजे काय ते शिकला. एका फटक्याने पदक हुकलं, ती चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्यात सोनं जिंकलं आणि आपण गोल्फ विसरलो ते विसरलोच.

तेवढ्या भांडवलावर मी विचारलं, "तुमच्याकडचे गोल्फवाले बायकांचं गोल्फ बघतात का हो?"

मला वाटलं, गुळमुळीत काहीतरी बोलेल. पण तो म्हणाला, क्लबातले बरेचसे नाही बघत, मी मात्र बघतो. कारण पुरुष प्रो मारतात तसं मला या जन्मी मारता येणार नाही. त्यांच्या ड्रायव्हरचा वेग ताशी ११० मैलांच्या वर. बायकांच्या टूरवर तो साधारण ९५ च्या आसपास, आणि माझाही तेवढाच आहे. तरी त्यांचा बॉल माझ्यापेक्षा लांब जातो आणि सरळ जातो. मग मी शिकायचं कोणाकडून?

डिप्लॉयमेंट झालं, कॉल संपला. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. कारण तोच प्रश्न आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत येऊन गेला होता, गोल्फच्या नाही तर क्रिकेटच्या रूपाने.

आमच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी बनतात. काकांचा तिथे टॉवेलचा छोटा कारखाना आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी ऑर्डर अर्जंट होती, माग चालू होते, आणि ऑफिसातल्या टीव्हीवर वर्ल्ड कपची फायनल होती. भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. पावसामुळे मॅच सुरू व्हायलाच पाच वाजले. तेव्हा टीव्हीसमोर दोघंच होतो, मी आणि माझी धाकटी चुलत बहीण. ती काकांचा डबा घेऊन आली होती आणि परत जायचं नाव घेत नव्हती.

जॉबर अण्णा दारातून डोकावले. "काय लावलंय?"

"फायनल आहे अण्णा."

"बायकांची होय," असं म्हणून ते निघून गेले.

शेफाली वर्माच्या ८७ धावा होईपर्यंत अण्णा तीनदा येऊन गेले होते. आपले २९८ झाले. वोल्वार्टने तिकडून शतक ठोकलं तेव्हा खोलीत बारा-तेरा जण उभे होते आणि काका बाहेरून ओरडत होते, "अरे तिकडं तार तुटलीय! जोडायला काय हरमनप्रीत येणार हाय का?" मध्यरात्रीच्या सुमारास दीप्ती शर्माची पाचवी विकेट पडली, तीही हरमनप्रीतच्याच कॅचवर. आपण ५२ धावांनी जिंकलो. काका स्वतः आत येऊन उभे होते. तार तशीच तुटलेली :)

ही फायनल ऑनलाइन १८.५ कोटी लोकांनी बघितली, असं नंतर जाहीर झालं. म्हणजे २०२४ च्या पुरुषांच्या टी-२० फायनलएवढी. मग 'बायकांचं क्रिकेट कोण बघतं' हा प्रश्न संपला म्हणायचं?

मला तसं वाटत नाही. आधी नेहमीची कारणं बघू. "स्पीड नाही, पॉवर नाही, बाउंड्री छोटी." खरं आहे. बॉल थोडा हलका असतो, बाउंड्री आत असते. शबनिम इस्माईलने २०२४ च्या डब्ल्यूपीएलमध्ये ताशी १३२ किलोमीटरचा बॉल टाकला तर तो विक्रम ठरला. पुरुषांत तो मीडियम पेसमध्ये जमा.

पण हे कारण सांगणारी माणसं कोण, ते बघा. आमच्याकडे उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या टुर्नामेंट होतात. हॅलोजन लावून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालतात. मी स्वतः त्या बघत रात्री काढल्यात. तिथे १३२ चा स्पीड सोडा, अर्ध्या बॉलरांची ॲक्शन धड नसते. बाउंड्री तर समोरच्याच्या कंपाउंडपर्यंत. तरी मैदान भरलेलं असतं, झाडावर पोरं बसलेली असतात. का? कारण बॅटिंगला आपल्या गल्लीतला पक्या असतो. त्याचा मागच्या वर्षीचा सिक्स आपल्याला आठवत असतो, त्याचं कोणाशी वाकडं आहे तेही माहीत असतं.

म्हणजे दर्जा हे कारण नाहीच. ओळख हे कारण आहे. ज्यांना ओळखतो त्यांचं आपण काहीही बघतो. माझ्या क्लायंटला त्या खेळाडूंत स्वतःचा स्विंग दिसतो, ही ओळखीचीच एक तऱ्हा.

आणि ओळख करून द्यावी लागते. मुलींचं पहिलं राष्ट्रीय क्रिकेट १९७३ मध्ये आपल्या पुण्यात झालं. जेमतेम तीन संघ होते. बीसीसीआयने महिला क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतलं ते २००६ मध्ये. २०१३ चा वर्ल्ड कप तर भारतातच झाला, आपली टीम पहिल्या फेरीतच बाहेर पडली आणि मला तेव्हा पत्ताही नव्हता. बाकी क्रिकेटचा स्कोअर न बघता मी त्या वर्षी एकही दिवस झोपलो नसेन. २०१७ मध्ये इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर हरमनप्रीतचे नाबाद १७१ बघितले, लॉर्ड्सवर नऊ धावांनी हरलेली फायनल बघितली, तेव्हा पहिल्यांदा नावं पाठ झाली. सांगलीची स्मृती मानधना आपली वाटायला लागली ती तेव्हापासून. नावं पाठ झाल्यावर कोणी 'बायकांची मॅच' म्हणत नाही, 'स्मृती आउट झाली का' असं विचारतो.

आता आमच्या जिल्ह्याची गोष्ट. मॅच संपल्यावर पेढे आले, चहा आला, आणि धाकटीने सगळ्यांना विचारलं, "किरण नवगिरे कोण, सांगा बघू?"

खोलीत शांतता. मीपण गप्प.

किरण नवगिरे माळशिरस तालुक्यातल्या मिऱ्याची. म्हणजे सोलापूर जिल्ह्याची. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने टी-२० त नाबाद १६२ केल्या. २०२३ च्या पहिल्या डब्ल्यूपीएलमध्ये अर्धशतक केलं तेव्हा तिच्या बॅटवर स्पॉन्सरचा स्टिकर नव्हता, हाताने लिहिलेलं होतं, 'एमएसडी ०७'. २०११ ची धोनीची फायनल बघून ती क्रिकेटकडे वळली. आणि या फायनलच्या जेमतेम दोन आठवडे आधी, १७ ऑक्टोबरला, नागपुरात महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिने ३४ बॉलमध्ये शतक ठोकलं. महिलांच्या टी-२० मधलं जगातलं सगळ्यात जलद. आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा होता, ३६ बॉलचा.

जगातलं सगळ्यात जलद शतक, आपल्या जिल्ह्यातल्या मुलीचं, आणि वर्ल्ड कप जिंकला म्हणून पेढे खाणाऱ्या तेरा जणांपैकी बारा जणांना ठाऊक नाही. अण्णा म्हणाले, "सांगायचं न्हाई का आधी कुणी?" धाकटी म्हणाली, "कुणाला सांगू अण्णा? बघणारं कोण होतं?"

हे ती अण्णांना म्हणाली, पण लागलं मला.

कारण ही पोरगी शाळेत असताना ऑफस्पिन टाकायची. कारखान्यामागच्या रिकाम्या प्लॉटवर मीच तिला ग्रिप शिकवली होती. आठवीत असताना तिची शाळेच्या टीमकडून पहिली मॅच होती. "दादा, तू येणारेस ना?" "येणार म्हणजे काय!" त्या दुपारी आयपीएलची मॅच होती. मी टीव्हीसमोरून उठलोच नाही. घरातलं दुसरंही कोणी गेलं नाही, काकांचा कारखाना होता, काकूंचा स्वयंपाक होता. तिने तीन विकेट काढल्या. संध्याकाळी येऊन सांगितलं, आम्ही "अरे वा" म्हटलं आणि पुढचं वर्ष उजाडेपर्यंत तिचं क्रिकेट बंद झालं. तिला कोणी बंद कर म्हटलं नाही. चालू ठेव, असंही कोणी म्हटलं नाही.

ती खेळत राहिली असती तर टीम इंडियात गेली असती असलं काही मी म्हणत नाही. बहुतेक नसतीच गेली. मीही कुठे गेलो? पण माझ्या फालतू टेनिस बॉल मॅचला बाउंड्रीवर दहा पोरं बसलेली असायची, आणि तिच्या मॅचला तिचा सख्ख्यासारखा भाऊपण नव्हता. हा फरक बॉलच्या वजनाचा नाही.

रात्री एकला तिला गाडीवर घरी सोडताना, चहा प्यायला कधी नव्हे ते मी तो विषय काढला. म्हटलं, तेव्हा यायला पाहिजे होतं मी. ती थोडा वेळ गप्प बसली.

"असू दे रे दादा. फायनल काय, सगळेच बघतात. तू आता एखादी लीगची मॅच बघ. महाराष्ट्राची."

तेव्हापासून फोनवर महाराष्ट्र महिला टीमच्या स्कोअरचा अलर्ट लावलाय. मॅच असली की स्टँडअपच्या आधी उघडून बघतो. चार-पाच नावं पाठ झाली आहेत. अण्णांना रोज एकेक सांगतो. परवा त्यांनी स्वतःहून विचारलं, "ती आपली मिऱ्याची पोरगी, काल कितीवर गेली?"