पाचवा नंबर

१९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदाच आलं. फिलिपिन्सने पाचपैकी चार मॅचेस जिंकल्या, हरले फक्त अमेरिकेशी. मेक्सिकोला तर त्यांनी ३२-३० असं हरवलं होतं. तरी ब्राँझ मेक्सिकोला आणि फिलिपिन्स पाचवं! कारण सुरुवातीच्या फेरीत हरणाऱ्याला आणखी एक संधी होती, उपांत्यपूर्व फेरीत नव्हती. फिलिपिन्सची एकुलती एक हार नेमकी तिथलीच.

परवा अप्रेझलमध्ये बेल कर्व्हने माझंही असंच केलं. आठवडाभर मी कँटीनमध्ये नियमांच्या नावाने बोटं मोडत होतो.

त्या टीमचा कॅप्टन अँब्रोसिओ पाडिला पुढे सरकारचा सॉलिसिटर जनरल झाला, १९५७ साली सिनेटवर निवडून आला. १९७२मध्ये मार्कोसने मार्शल लॉ लावला आणि संसदच बंद पडली. १९८६मध्ये मार्कोस गेल्यावर नवी राज्यघटना लिहायला आयोग बसला, त्याचा उपाध्यक्ष पाडिला. वय पंच्याहत्तरच्या आसपास!

बर्लिनचा याच्याशी संबंध असेलच असं नाही. पण नियम लिहायला बसण्याइतका दम त्याच्यात त्या वयातही होता. आम्ही मात्र फीडबॅक फॉर्म कोरा सोडून चहाला जातो. असो. या वेळी भरणार आहे.