पिन कुणाची?

तर मंडळी, या शनिवारी थोडं ऑफिसचं पुराण. पण किस्सा सोलापूरचा आहे, त्यामुळे सहन करा.

आधी तांत्रिक भाग उरकतो. प्रोसेसरच्या पोटात कामं ढीगभर, पण बाहेर येणाऱ्या पिना मोजक्याच. म्हणून एकाच पिनेवर अनेक कामं जोडलेली असतात. आमच्या होम मैदानासारखं! संक्रांतीला तिथे सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरतो, एरवी पोरं क्रिकेट खेळतात. मैदान एकच. पण पाळणे उभे असताना स्टम्प कुठे ठोकणार?

बीगलबोन ब्लॅकवर जी चिप आहे, तीच आमच्या बोर्डावर होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५एक्स. तिच्यात एका पिनेला ० ते ७ असे आठ मोड असू शकतात. यूआर्ट-१ च्या दोन पिना घ्या. मोड ० म्हणजे सीरियल, २ म्हणजे कॅन, ३ म्हणजे आयटूसी, ७ म्हणजे साधी जीपीआयओ. पिनेच्या रजिस्टरमधले तीन बिट बदलले की पिनेचं काम बदललं.

आता किस्सा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामाचा टॉवेलचा कारखाना आहे. मागाचे फेरे मोजणारा आमचा बोर्ड मी मोठ्या रुबाबात तिथे चाचणीला लावला. सेन्सर यूआर्ट-१ वर, आणि वेळ सांगणारी घड्याळाची चिप आयटूसी-१ वर, वेगळ्या पिनांवर. पुण्यात आठवडाभर मस्त चाललं.

सोलापुरात चौथ्या दिवशी एका माग चालवणाऱ्या काकांनी वही पुढे केली. "साहेब, तुमचं मशीन मधेच झोपतंय." त्यांच्या वहीतले टॉवेल बोर्डापेक्षा जास्त होते. इथे मजुरी कामावर मिळते. म्हणजे माझ्या बोर्डाची डुलकी त्यांच्या खिशातून जात होती. मी (लाज वाटते सांगायला) आधी वहीवरच शंका घेतली.

गंमत म्हणजे वीज गेली आणि परत आली की आकडे सुरळीत! म्हणून मी दोन दिवस वीजपुरवठ्याच्या मागे लागलो.

शेवटी कर्नलच्या डीबग फाइली उघडल्या. एक फाइल सांगते, पिन कुणाला दिली आहे. तिथे नाव यूआर्टचंच. दुसरी फाइल रजिस्टरमधली खरी किंमत दाखवते. तिथे मोड ३. कागदावर मैदान क्रिकेटवाल्यांचं आणि प्रत्यक्षात पाळणे फिरतायत!

घड्याळाचा ड्रायव्हर मीच जुन्या बोर्डावरून उचलला होता. त्या बोर्डावर घड्याळ याच दोन पिनांवर होतं. कारखान्यातल्या मोटरींच्या गोंगाटात घड्याळाचं उत्तर हुकलं की ड्रायव्हर रीसेट व्हायचा, आणि रीसेटमध्ये एक ओळ थेट रजिस्टरमध्ये ३ लिहायची. कुणाला न विचारता. सेन्सर मुका. वीज जाऊन बोर्ड नव्याने सुरू झाला की यूआर्ट आपला मोड ० पुन्हा लावून घ्यायचा. पुण्यात गोंगाटच नव्हता, मग चूक दिसणार कशी?

याच भानगडींसाठी कर्नलमध्ये पिनकंट्रोल नावाची व्यवस्था आहे. लिनस वालेइ यांनी लिहिलेली, जानेवारी २०१२ च्या ३.२ आवृत्तीत आलेली. त्याआधी ज्याची त्याची वेगळी तऱ्हा होती. आता कुठली पिन कुणाला, हे डिव्हाइस ट्रीमध्ये लिहायचं. दुसऱ्याने तीच मागितली तर कर्नल तोंडावर नकार देतो आणि आधीच्याचं नाव लॉगमध्ये सांगतो. पण जो विचारतच नाही, त्याला नकार कोण देणार? मागच्या दाराने शिरणाऱ्याची नोंद या वहीत होतच नाही.

ती एक ओळ काढली. मग मुद्दाम घड्याळाची वायर उपटून पन्नास वेळा रीसेट घडवून पाहिला. सेन्सर बोलत राहिला.

मामाने त्या आठवड्याची मजुरी काकांच्या वहीप्रमाणे दिली. मी माफी मागितली, तर काका म्हणाले, "साहेब, होतं असं. पण वही ठेवू ना अजून?"

ठेवा म्हटलं. आता दर संध्याकाळी बोर्डाचा आकडा वहीशी ताडून बघतात. आमच्या अख्ख्या टीममध्ये इतका चोख टेस्टर नाही.

असो. चहा गार झाला.