रामलिंगच्या दरीतली रेल्वे

येडशीजवळ बालाघाटाच्या कुशीत रामलिंगचं देऊळ आहे, आणि त्याच दरीत बार्शी लाईट रेल्वेच्या खुणा उरल्या आहेत: ओढ्यावरचा पूल, झाडीत शिरलेला भराव, पालापाचोळ्याखाली दबलेली खडी. गेलेल्या दिवसांबद्दल हळहळायला ही जागा फार सोयीची आहे. मला मात्र इथे काटकसरीचा एक धाडसी विचार दिसतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू केली, तेव्हा दोन रुळांत अंतर ठेवलं अवघं अडीच फूट. इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा दंडक. म्हणून हलके रूळ पुरले, अवघड वळणं घेता आली आणि घाट फोडत बसण्यापेक्षा पाण्याने कोरलेली वाट धरता आली. 1911 मध्ये गाडी लातूरला पोचली. इंग्रजी अमलातली बार्शी आणि निजामाच्या मुलखातलं लातूर, या दोन पेठा जोडल्या गेल्या त्या याच दरीतून.

यावर धाराशिवकर रास्त प्रश्न विचारतील: या काटकसरीने आम्हाला काय दिलं? जिल्ह्याचं गाव असून रेल्वे नव्हती. गाडी धरायची तर आधी येडशी गाठावी लागायची. हे दुखणं खरंच होतं. जिथे भूगोल स्वस्त तिथून रूळ गेले, जिथे माणसं होती तिथून नाही. ब्रॉडगेजने 2007-08 च्या सुमारास मार्ग बदलून धाराशिव गाठलं, ते योग्यच झालं. जुनी लाईन राहायला हवी होती, असं मी म्हणणार नाही. पण म्हणूनच हे अवशेष मोलाचे वाटतात. खर्च वाचवला की डोंगर कसा ओलांडता येतो आणि त्याच हिशेबात एखादं गाव कसं वगळलं जातं, या दोन्ही गोष्टी इथे एकाच भरावावर दिसतात. कागदावरच्या नकाशात नुसती रेघ असते. इथे दरीची खोली आणि वळणाचा कोन डोळ्यांपुढे असतो.

1997 पासून हा परिसर अभयारण्य आहे, त्यामुळे बांधकामाचा रेटा थोडा थोपला. सुशोभीकरणाच्या नावाखाली पुलाला रंग फासू नये, भरावावर फरशी घालू नये. गाडी कुठून यायची, कुठे जायची आणि धाराशिव का टळलं, हे सांगणारा साधा फलक देवळाच्या वाटेवर लावायला हवा.