हृदयाच्या जोरबैठका

तालमींतल्या मल्लाचा दंड फुगला तर वस्ताद शाबासकी देतो. हृदय जाड झालें तर डॉक्टर गंभीर होतात. वस्तुतः क्रिया एकच. रक्तवाहिन्यांतील दाब वाढला कीं हृदयाच्या डाव्या कप्प्यास प्रत्येक ठोक्याला अधिक जोर लावावा लागतो, आणि त्याची भिंत जाड होते. मल्लाला निदान रात्रीं विसांवा आहे. याचे दिवसाकाठचे सुमारें एक लाख ठोके चुकत नाहींत! जाड भिंत नीट सैल पडत नाहीं, आणि हृदयाचें स्वतःचें पोषण तर बव्हंशीं त्या सैल क्षणींच व्हावयाचें. अखेर कप्पा थकतो व फुप्फुसांत पाणी सांचतें.

आमचे तीर्थरूप १९८१ सालीं अखेरचे तीन महिने लोडाला टेकून बसूनच झोपत. आडवे होतांच त्यांचा जीव कोंडे. शेजारीपाजारी त्याला दमाच म्हणत.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्यें १८६/१०८ भरला. हृदयही वाढलेलें आढळलें. डिजिटॅलिस दिलें, मीठ कमी केलें. परंतु दाब खात्रीनें उतरविणारें औषध त्या काळीं नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें ते गेले.

परवां आमचाच आंकडा, दोनतीनदां मोजूनही, १६०/१०० निघाला. दुखत कांहींच नाहीं, हेंच या विकाराचें कपट! गोळी रोज घेतों. तिनें भिंतीची जाडीही पुष्कळदां उतरते, असें डॉक्टर सांगतात. आमच्या कुटुंबाचा भर मात्र मिठावर आहे. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली असून पापड पाहुण्यांपुरते उरले आहेत.